आपटलेला अल्बम कसा ऐकावा: ओएमडीचा 'डॅझल शिप्स', पायरी-पायरीने

ब्रिटिश सिंथ-पॉपमध्ये, म्हणजे सिंथेसायझरवर बांधलेल्या पॉप संगीतात, आपटलेले अल्बम पुष्कळ. आपटल्यावर पंचवीस वर्षांनी ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं, असे मात्र मोजकेच. त्यांत सगळ्यांत जास्त भांडणं लावणारा अल्बम म्हणजे ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क, म्हणजेच ओएमडी, या बँडचा 'डॅझल शिप्स'. तो आला ४ मार्च १९८३ ला. त्याच्या आधीचा 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' (१९८१) तीसेक लाख प्रती खपलेला, त्यातली 'सूव्हेनिर', 'जोन ऑफ आर्क' आणि 'मेड ऑफ ऑर्लिन्स' ही तिन्ही सिंगल्स (वेगळ्या तबकडीवर काढलेली गाणी) ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या पाचांत गेलेली. मग त्याच चौघांनी शॉर्टवेव्ह रेडिओचे तुकडे, बोलकी घड्याळं आणि पाणबुडीचे आवाज भरलेली तबकडी काढली, आणि समीक्षक व गिऱ्हाईक दोघेही बिचकले.

आज हा अल्बम ऐकायला बसलं की दोन आवाज आधीपासून कानात असतात. एक म्हणतो, हा दिखाऊ गोंधळ आहे. दुसरा म्हणतो, ही दुर्लक्षित अभिजात कृती आहे. या दोघांना बाजूला सारून स्वतःचं मत कसं बनवायचं, आणि ते बनल्यावर समीक्षांचा ढीग कसा वाचायचा, त्याची ही रीत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या तपासून घेता येतील: शिव्या देणारे आणि आरती ओवाळणारे, दोघेही या अल्बममधल्या त्याच दहा मिनिटांबद्दल भांडत आले आहेत. उरलेल्या पंचवीस मिनिटांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि अल्बमचा खरा निकाल तिथेच लागतो.

पायरी १: नेमकं काय लावायचं

मूळ रेकॉर्डवर बारा तुकडे होते, दोन्ही बाजूंना सहा-सहा. एकूण लांबी जेमतेम पस्तीस मिनिटं. २००८ च्या रीमास्टर आवृत्तीत आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत शेवटी जादा ट्रॅक जोडलेले आहेत. ते वाईट नाहीत, पण पहिल्यांदा ऐकताना ते नकोत. 'ऑफ ऑल द थिंग्ज वी'व्ह मेड' संपलं की थांबायचं. ते शेवटचं गाणं म्हणूनच तिथे ठेवलेलं आहे, त्याच्या पाठोपाठ एखादं रीमिक्स सुरू झालं तर त्याचा परिणाम पुसला जातो.

ॲपवर ऐकणार असाल तर शफल बंद, ऑटोप्ले बंद आणि क्रॉसफेड तर आधी बंद. एक गाणं विरघळत दुसऱ्यात घुसवणारी ही सोय नाचाच्या गाण्यांना चालते. इथे एका तुकड्याची कड दुसऱ्याला कशी लागते यातच निम्मी रचना आहे, आणि ॲप तीच कड घासून गुळगुळीत करतं. हेडफोन हवेतच. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री'मधले आवाज डाव्या-उजव्या कानांत वाटलेले आहेत, फोनच्या स्पीकरवर त्यांची नुसती बडबड होते.

अजून एक. 'इंटरनॅशनल' संपल्यावर मिनिटभर थांबा. मूळ श्रोत्याला तिथे उठून तबकडी उलटावी लागायची, आणि पहिली बाजू या गाण्यावर संपवताना बँडने ती शांतता गृहीत धरली होती, असं माझं ठाम मत आहे.

पायरी २: पहिलं ऐकणं, काहीही न वाचता

वहीत बारा ओळी आखून घ्या. प्रत्येक तुकड्यापुढे तीनच नोंदी करायच्या: सगळ्यांत आधी काय ऐकू आलं, माणसाचा आवाज कुठे आला (आणि तो गातोय की बोलतोय), आणि तुमचं लक्ष कुठे उडालं. शेवटच्या नोंदीला मिनिट-सेकंद लिहा.

विशेषणं लिहायची नाहीत. 'गूढ', 'थंड', 'यांत्रिक' हे शब्द सिंथ-पॉपच्या समीक्षेत इतके झिजलेत की ते लिहिल्यावर आपण काय ऐकलं तेच आठवत नाही. त्याऐवजी क्रियापदं लिहा. आवाज घुसतो, तुटतो, मोजतो, ओरडतो, मागे राहतो. संध्याकाळी वही उघडल्यावर क्रियापदावरून आवाज परत आठवतो.

लक्ष उडण्याची नोंद करायला लोक लाजतात. गाजलेल्या प्रयोगशील अल्बमचा कंटाळा आला हे कबूल करायचं कसं? पण तोच तुमचा सगळ्यांत खरा पुरावा आहे. पुढे समीक्षा वाचताना तो तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

पायरी ३: तीन ढीग

दुसऱ्यांदा ऐकताना बारा तुकड्यांचे तीन ढीग करा. या पायरीला भरपूर वेळ द्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

पहिला ढीग ध्वनिचित्रांचा, म्हणजे जिथे गाणं असं नाहीच. 'रेडिओ प्राग' ही चेकोस्लोव्हाकियाच्या परदेशी प्रसारण केंद्राची ओळखधून आहे, अल्बम तिनेच उघडतो. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री'त अक्षरं आणि आकडे म्हणणारे आवाज आहेत. 'धिस इज हेलेना'त एक निवेदिका स्वतःची ओळख करून देते आणि तिच्याभोवती धून बांधलेली आहे. शीर्षक-तुकडा 'डॅझल शिप्स (भाग २, ३ आणि ७)' म्हणजे सोनार, भोंगे आणि पाण्याखालची घरघर. भाग १, ४, ५, ६ कुठे गेले हे विचारू नका, तो बँडचा मिश्कीलपणा आहे. आणि 'टाइम झोन्स' म्हणजे जगभरच्या टेलिफोनवरच्या बोलक्या घड्याळांची एकावर एक रचलेली चळत. हे पाचही मिळून दहा मिनिटांच्या आतबाहेर.

दुसरा ढीग सरळ गाण्यांचा: 'टेलिग्राफ', 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप', 'सायलेंट रनिंग', 'रेडिओ वेव्हज', 'ऑफ ऑल द थिंग्ज वी'व्ह मेड'.

तिसऱ्या ढिगात दोनच, आणि माझ्या लेखी अल्बमचा जीव या दोघांत आहे. 'जेनेटिक इंजिनिअरिंग' सुरू होतं ते टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या 'स्पीक अँड स्पेल' या मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या खेळण्याच्या आवाजाने. १९७८ साली बाजारात आलेलं हे खेळणं शब्द चिपवर तयार करून बोलायचं. त्या निर्विकार आवाजावर मॅल्कम होम्सचे ड्रम्स आणि अँडी मॅक्लस्कीचं जवळजवळ किंचाळणं येऊन आदळतं. यंत्र शांत आणि माणूस बिथरलेला, हा उलटा हिशेब तिथे बरोबर बसतो. 'इंटरनॅशनल'ची सुरुवात एका बातमीने होते: निकाराग्वातल्या एका मुलीचे हात हुकूमशहा सोमोसाच्या माजी सैनिकांनी मनगटापासून तोडले, ही हकिकत बातमी वाचणाऱ्याच्या सपाट सुरात येते. त्यानंतर जे गाणं येतं ते संथ आहे, आणि मॅक्लस्कीचा गळा त्यात हळूहळू ताणत जातो. इथे ध्वनिमुद्रणाचा तुकडा सजावट म्हणून चिकटवलेला नाही. तो काढला तर गाण्याला रडायला कारण उरत नाही. ही कसोटी लक्षात ठेवा, आणि प्रत्येक ध्वनिचित्राला लावा: हा तुकडा काढला तर शेजारच्या गाण्याचं काय बिघडेल?

'रेडिओ प्राग' काढलं तर बिघडतं. त्या धुनेने शीतयुद्धाची हवा तयार होते, पोलादी पडद्यापलीकडून कुणीतरी बोलतंय हे कळतं, आणि मग खेळण्याचा आवाज लागला की तोही सरकारी वाटू लागतो. शीर्षक-तुकडा काढला तर 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप' एकदम सुरू होतं, त्याआधीचा अंधार जातो, तेव्हा तोही हवा. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री' आणि 'टाइम झोन्स' काढले तर माझ्या मते काही बिघडत नाही. पहिल्यांदा ऐकताना मजा येते, तिसऱ्यांदा हात पुढे सरकवायच्या बटणाकडे जातो. इथे तुमचा कौल वेगळा असू शकतो. तो वहीत लिहून ठेवा.

आता दुसऱ्या ढिगाला एक टाचण लावा. 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप' आणि 'ऑफ ऑल द थिंग्ज वी'व्ह मेड' ही दोन्ही 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'च्या काळातल्या सिंगल्सच्या मागच्या बाजूला आधीच येऊन गेली होती. 'रेडिओ वेव्हज' त्याहून जुनं, मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज यांच्या ओएमडीच्या आधीच्या 'द इड' या बँडचं. म्हणजे सात गाण्यांपैकी नवी फक्त चार. हा हिशेब १९८३ ची कुरकुर समजायला फार उपयोगी पडतो. इतक्या मोठ्या यशानंतर बँडकडे गाणी कमी पडत होती, आणि रिकाम्या जागी ध्वनिचित्रं आली, असा अर्थ कुणी काढला तर तो खोटा म्हणता येत नाही. धाडस आणि टंचाई या दोन गोष्टी एकाच स्टुडिओत एकाच वेळी नांदू शकतात. कौतुक करणारे पहिली सांगतात, टीका करणारे दुसरी.

पायरी ४: आवाज कशाने केलेत

यात खोल शिरायची गरज नाही, पण तीन यंत्रं ओळखता आली की बरंच उलगडतं. मेलोट्रॉन हा चुंबकीय फितीवर चालणारा कीबोर्ड. प्रत्येक पट्टीखाली एक फीत असते आणि ती आठेक सेकंदांत संपते. 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'तले धुरकट समूहस्वर त्याचेच. दुसरं, ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर, १९८१ मध्ये आलेला आठ-बिट सॅम्पलर. बाहेरचा कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि कीबोर्डवर वाजवायचा, पण भरता यायचा जेमतेम दोनेक सेकंदांचा. तिसरं ते बोलकं खेळणं.

दोन सेकंदांची मर्यादा ऐकताना ध्यानात ठेवली की अल्बममधला तुटकपणा वेगळा ऐकू येतो. बरेच आवाज इतके तोकडे का, त्याचं एक कारण यंत्राची स्मृती हेही आहे. समीक्षक मात्र तोकडेपणावर तत्त्वज्ञान चढवतात.

निर्मितीत बँडबरोबर ऱ्हेट डेव्हिस होता. १९८२ सालचा रॉक्सी म्युझिक या बँडचा 'ॲव्हलॉन' घडवणारा, चकचकीत ध्वनीचा माणूस. म्हणून हा अल्बम भंगारातून उभा केल्यासारखा वाटत नाही. कोलाजचे तुकडेही नीट इस्त्री करून ठेवलेत. ते चांगलं की वाईट, यावर दोन समीक्षकांचं एकमत होणं कठीण.

पायरी ५: कव्हर हातात घ्या

निदान चित्र मोठं करून बघा. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांपासून जहाजं वाचवण्यासाठी नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश सागरचित्रकाराने १९१७ मध्ये एक युक्ती मांडली. समुद्रावर जहाज लपवता येत नाही, पण त्यावर वेडेवाकडे तिरके पट्टे रंगवले तर पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला त्याची दिशा आणि वेग यांचा अंदाज चुकतो. अशी जहाजं रंगवून घेणाऱ्यांत एडवर्ड वॉड्सवर्थ होता, आणि लिव्हरपूलच्या गोदीतल्या अशा जहाजांचं १९१९ मधलं त्याचं चित्र कव्हरचा डिझायनर पीटर सॅव्हिल याला भावलं. शीर्षक त्यानेच सुचवलं, कव्हरही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलं, छेद देऊन कापलेलं. मॅक्लस्की आणि हम्फ्रीज लिव्हरपूलसमोरच्या 'विरल' नावाच्या द्वीपकल्पातले, त्यामुळे जहाजं काही दूरची नव्हती.

गंमत बघा. तीन दिवसांनी, ७ मार्च १९८३ ला, न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' आलं. त्याचंही कव्हर सॅव्हिलचंच, तेही कापून केलेलं, फ्लॉपी डिस्कसारखं दिसणारं. एकाच आठवड्यात दोन बँड आणि एकच डिझायनर. नशीब मात्र दोघांचं दोन तऱ्हांचं.

पायरी ६: शेजारपाजार ऐका

समीक्षा उघडण्याआधी हे करणं महत्त्वाचं, कारण १९८३ च्या समीक्षकाच्या कानात जे होतं ते तुमच्या कानात नसेल तर त्याचा राग समजणार नाही. सगळं ऐकायला बसलात तर महिना जाईल. चार नावं पुरतात.

आधी अर्थातच 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'. तो ऐकून लगेच 'डॅझल शिप्स' लावा आणि कशाची उणीव भासते ते बघा. मला भासते ती सुरावटीची. 'मेड ऑफ ऑर्लिन्स'मध्ये गायन थांबल्यावर कीबोर्ड जी धून उचलतो, तशी धून इथे क्वचित मिळते.

मग क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा 'रेडिओ-ॲक्टिव्हिटी' (१९७५). मॅक्लस्कीने त्याच वर्षी सप्टेंबरात लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात क्राफ्टवर्कची मैफल ऐकली आणि त्याचा रस्ता ठरला. 'रेडिओ-ॲक्टिव्हिटी'तही गाण्यांच्या अध्येमध्ये छोटे ध्वनितुकडे आहेत, विषयही रेडिओलहरींचा. 'डॅझल शिप्स' हा त्याचा थेट वंशज आहे. 'ब्लू मंडे'तला समूहस्वरही याच अल्बममधल्या 'युरेनियम'वरून उचललेला, तोही इम्युलेटरमध्ये भरून. बाप एकच, पोरं दोन वाटांनी गेली.

तिसरं, ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांचा 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स', १९८१ सालचा. रेडिओवरचे बोलणारे आवाज तालावर बसवलेले. तो ऐकला की 'डॅझल शिप्स काळाच्या फार पुढे होता' हे वाक्य लंगडं पडतं. १९८३ च्या समीक्षकाला रेडिओचे तुकडे नवे नव्हते. जर्मन संगीतकार होल्गर चुकाईनेही १९७९ मध्ये शॉर्टवेव्हवरून गाणी बांधली होती. नवं होतं ते इतकंच, की हे सगळं लाखोंनी खपणाऱ्या पॉप बँडने केलं.

चौथं, डेपेश मोडचा 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन', त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. बाहेरचे आवाज सॅम्पल करून वापरलेत, पण ते गाण्याच्या तालात कोंबून. 'एव्हरीथिंग काउंट्स' ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. तंत्र जवळपास तेच होतं. फरक इतकाच की डेपेश मोडने आवाजाला चाकरीला लावलं आणि ओएमडीने त्याला पाहुणा म्हणून बसवलं.

पायरी ७: आता समीक्षा, तारखेच्या क्रमाने

शोधयंत्रात नाव टाकलं की नवे लेख वर येतात, आणि ते बहुतेक स्तुतीचे असतात. म्हणून क्रम उलटा करा. १९८३ च्या ब्रिटनमध्ये मतं घडवायची ती एनएमई, मेलडी मेकर, साउंड्स, रेकॉर्ड मिरर ही साप्ताहिकं आणि पंधरवड्याने निघणारं स्मॅश हिट्स. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर बरीच मिळतात, निवडक लेखांसाठी रॉक्स बॅकपेजेस हे सशुल्क भांडार आहे.

प्रत्येक समीक्षेतून चार गोष्टी टिपा. तारीख. समीक्षकाने कुठल्या तुकड्यांची नावं घेतली. कुणाशी तुलना केली. आणि तक्रार किंवा स्तुती कशाबद्दल आहे: ऐकू येणाऱ्या गोष्टीबद्दल, की बँडच्या हेतूबद्दल? ही शेवटची नोंद चाळणीचं काम करते. 'टेलिग्राफचं ध्रुपद ओरडून म्हटलंय आणि त्यामुळे पडतं' ही ऐकू येणारी गोष्ट. 'हे स्वतःला फार हुशार समजतात' हा हेतूवरचा संशय. त्या काळच्या ब्रिटिश साप्ताहिकांत दुसऱ्या प्रकारचं पीक भरघोस यायचं, आणि ते वाचायला खमंगही असायचं. वाचा, हसा, पण पुराव्यात धरू नका. आजच्या स्तुतीलाही हीच चाळणी लावा. 'बाजाराला न जुमानणारं शौर्य' हाही हेतूवरचाच शेरा आहे, फक्त गोड.

आता थोडं आकड्यांबद्दल, कारण इथे हमखास घोटाळा होतो. 'फ्लॉप' म्हणून मिरवणारा हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला होता. मग आपटला कसा? पहिल्या आठवड्यात अल्बम विकत घेणारा आधीच्या अल्बमवरच्या विश्वासाने घेतो. पुढचे महिने खप टिकतो तो सिंगल्स आणि तोंडी शिफारशीवर. इथे 'जेनेटिक इंजिनिअरिंग' विसाव्या क्रमांकावर अडकलं आणि 'टेलिग्राफ' बेचाळिसाव्या. म्हणजे यादीतला क्रमांक मागच्या अल्बमची पुण्याई सांगतो आणि एकूण खप या अल्बमचे भोग. मॅक्लस्कीने नंतर अनेकदा सांगितलंय की खप दहाव्या हिश्श्यावर आला. समीक्षकांचं मत ही तिसरीच गोष्ट. या तीन गोष्टी एका वाक्यात 'अपयश' म्हणून बांधणारा लेख दिसला की सावध व्हा.

यापुढे उडी मारा ती थेट २००८ वर. रीमास्टर आवृत्ती निघाली आणि सेंट एटिएन बँडच्या बॉब स्टॅन्लीने द गार्डियनमध्ये या अल्बमची बाजू घेऊन लिहिलं. तीस लाख चाहते एका फटक्यात कसे गमवावेत, असा त्याच्या मथळ्याचा रोख होता, आणि तेव्हापासून ही आख्यायिका जवळपास प्रत्येक लेखाची पहिली ओळ झाली. पुढे ९ मे २०१६ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडने हा अल्बम 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'च्या जोडीने वाजवला. एके काळी डोकेदुखी ठरलेली तबकडी सन्मानाच्या आसनावर बसली.

पुनर्मुद्रणाच्या समीक्षा वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. १९८३ मध्ये अल्बम समीक्षकाच्या टेबलावर आपोआप येऊन पडायचा, आवडो न आवडो. पंचवीस वर्षांनी त्यावर लिहायला बहुधा तोच बसतो ज्याला तो आधीपासून प्रिय आहे. ज्याला तो कंटाळवाणा वाटला होता, तो कधीच दुसरीकडे निघून गेलेला असतो. त्यामुळे नंतरच्या लेखांत एकमत दिसलं तरी ते सगळ्यांचं मत नव्हे. शिवाय कथा आकर्षक आहे: यश, धाडस, पतन, उद्धार. कथा चांगली असली की गाणी ऐकायचं राहून जातं. नंतरचे लेख चाळून बघा, 'टाइम झोन्स'वर परिच्छेद सापडेल. 'सायलेंट रनिंग'वर एखादं वाक्य मिळालं तर मिळालं. १९८३ च्या टीकेतही रोख बव्हंशी त्याच आवाजांवर होता. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, भांडण दहा मिनिटांचं आहे.

मग उरलेल्या पंचवीस मिनिटांचा निकाल काय? माझा असा. 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप' आणि 'सायलेंट रनिंग' ही पाठोपाठची जोडी ओएमडीने केलेल्या सगळ्यांत उत्तम कामांत बसते. पहिलं कवायतीच्या संथ ठेक्यावर चालतं आणि तरी त्यात कुठेही आदेश नाही. 'टेलिग्राफ' चांगलं गाणं आहे पण फार घाईत गायलंय. 'रेडिओ वेव्हज' पोरकट आहे, आणि ते तसं असायला माझी हरकत नाही, फक्त ते इथे कशाला? 'ऑफ ऑल द थिंग्ज वी'व्ह मेड' इतकं साधं आहे की पहिल्यांदा ते निसटतं. एकूण अल्बम असमान आहे. शिव्यांच्या लायकीचा मुळीच नाही, अभिजात म्हणण्याइतका भरीवही नाही, आणि 'इंटरनॅशनल'साठी मी त्याचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करतो.

पायरी ८: स्वतः लिहायला बसताना

वही, समीक्षांच्या नोंदी आणि तिसरं ऐकणं एवढं झालं असेल तर लिहा. सुरुवात इतिहासाने करू नका, कथा वाचकाला ठाऊक असते किंवा एका ओळीत सांगता येते. ज्या तुकड्याबद्दल तुमचं मत सगळ्यांत पक्कं आहे, तिथून शिरा. त्यात काय ऐकू येतं ते दोन वाक्यांत सांगा, मग ते का चालतं किंवा का पडतं ते सांगा, आणि मगच बाकीच्या अल्बमकडे वळा. बाराही तुकड्यांवर एकेक ओळ लिहिण्याचा मोह टाळा. ती यादी होते, समीक्षा होत नाही.

दुसऱ्या समीक्षकाचं मत घेतलंत तर त्याचं नाव आणि वर्ष द्या. 'समीक्षकांनी झोडपलं' किंवा 'समीक्षकांनी वाखाणलं' असं मोघम लिहू नका. कोणी, कधी, कुठल्या तुकड्याबद्दल, हे सांगता येत नसेल तर ते वाक्यच काढून टाका. परिणामांबद्दल लिहिताना तारखा बघून घ्या. पुढचा 'जंक कल्चर' १९८४ मध्ये आला, उजेडाचा, नाचता येण्याजोगा, आणि त्यातलं 'लोकोमोशन' पाचव्या क्रमांकावर गेलं. या आपटीनंतर आपण बिचकलो आणि सावध झालो, हे बँडने स्वतःच बोलून दाखवलंय. १९८६ मधलं 'इफ यू लीव्ह' अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ते बोलकं खेळणं कुठल्या कपाटात होतं कोण जाणे.

मसुदा झाला की त्यातून तीन गोष्टी शोधून काढा: 'काळाच्या पुढे', 'गैरसमजलेली', आणि ज्याला तुमच्या वहीत मिनिट-सेकंद नाही असं कुठलंही विधान. पहिल्या दोन सरळ खोडा. तिसरी खोडण्याआधी तो तुकडा पुन्हा एकदा लावा, हेडफोन घालून आणि क्रॉसफेड बंद आहे ना ते बघून.